पुएर्तो नारिन्यो: अ‍ॅमेझॉनकाठच्या छोट्या गावाची छोटी सहल कशी आखावी

अ‍ॅमेझॉनला जायचं ठरलं की बहुतेक जण ब्राझीलमधल्या मानाउसची तिकिटं शोधू लागतात. मानाउस वीस लाखांवर वस्तीचं महानगर आहे. तिथून नदी दिसते, पण नदीकाठचं गाव कसं जगतं ते कळायला आणखी बराच आत प्रवास करावा लागतो. हाताशी चार-पाचच दिवस असतील आणि गावातच राहायचं असेल, तर मी कोलंबियातलं पुएर्तो नारिन्यो सुचवेन.

कोलंबियाच्या वाट्याला अ‍ॅमेझॉनचा सुमारे ११६ किलोमीटरचाच काठ आला आहे. त्याच्या पूर्व टोकाला लेतिसिया हे शहर. तिथून प्रवाहाच्या उलट दिशेनं साधारण पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरवर, लोरेतोयाकू ही उपनदी अ‍ॅमेझॉनला मिळते त्याच्या जवळ, पुएर्तो नारिन्यो वसलं आहे. गावात मोटारी आणि दुचाकींना मनाई आहे. रुग्णवाहिका आणि कचरा उचलणारा ट्रॅक्टर एवढीच काय ती वाहनं. बाकी सगळीकडे पायवाटा. वस्ती मुख्यतः तिकुना, कोकामा आणि यागुआ या आदिवासी समाजांची.

बहुतेक पर्यटक लेतिसियाहून सकाळी येतात, जवळच्या तारापोतो तळ्यावर चक्कर मारतात, जेवतात आणि दुपारच्या बोटीनं परततात. असं करू नका. पहाटेचं तळं, बाहेरचे लोक गेल्यावर मोकळं झालेलं गाव, रात्री जंगलातून येणारा बेडकांचा आणि किड्यांचा आवाज हे सगळं त्यांच्या हातून निसटतं. किमान दोन रात्री गावात काढायच्या, हे धरूनच पुढची आखणी केली आहे.

आधी नदी, मग तारीख

लेतिसियाला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आकडा कोकणातल्यासारखाच, पण कोकणातला पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि इथला बारा महिन्यांत विभागलेला असतो. म्हणून कोरडा महिना शोधण्यात अर्थ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस जरा कमी, इतकंच. खरा फरक पडतो तो नदीच्या पातळीमुळे. वरच्या अंगाला पेरूत आणि अँडीजच्या उतारांवर पडलेलं पाणी खाली येतं, तशी इथली नदी चढते आणि मग ओसरते. वर्षभरात पातळीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो.

मार्च ते मेच्या सुमारास पाणी चढलेलं असतं. तेव्हा जंगलात पाणी शिरतं आणि होडी थेट झाडांच्या फांद्यांमधून वल्हवत नेता येते. मला विचाराल तर पहिल्या भेटीसाठी हाच काळ उत्तम. असं पाण्यात उभं असलेलं जंगल एरवी पाहायला मिळत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर पाणी उतरलेलं असतं. रेतीचे किनारे उघडे पडतात, पायी भटकायला वाटा मोकळ्या होतात, मासे उरलेल्या पाण्यात गोळा होतात. मात्र अलीकडे या काळाची धास्ती वाटावी अशी परिस्थिती आली. २०२३ आणि २०२४ च्या दुष्काळांत नदी इतकी आटली की काही वस्त्यांपर्यंत बोटी पोचेनात आणि लोकांना सामान डोक्यावर घेऊन गाळातून लांबवर चालावं लागलं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर निघण्याआधी आठवडाभर मुक्कामाच्या ठिकाणी निरोप पाठवून पाण्याची स्थिती विचारा. तारापोतो तळ्यात होडी जाते का, एवढा एकच प्रश्न पुरे.

जून-जुलैत दक्षिणेकडून अधूनमधून थंड हवेची लाट येते. तिला इकडे ‘फ्रियाखे’ म्हणतात. त्या दिवसांत पारा वीस अंशांच्याही खाली जातो. विषुववृत्तालगत जातोय म्हणून सगळे सुती कपडेच भरले तर रात्री कुडकुडायची पाळी येते. एक पातळ स्वेटर असू द्या. राजधानी बोगोटात तसाही तो लागणारच, कारण ते शहर २,६०० मीटरहून उंचावर आहे.

कागदपत्रं आणि लस

भारतीय पासपोर्टवर कोलंबियाला व्हिसा लागतो आणि त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. अमेरिकेचा किंवा शेंगेन देशांचा व्हिसा असेल आणि कोलंबियात शिरताना त्याची किमान १८० दिवसांची मुदत शिल्लक असेल, तर वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींना याचा उपयोग होतो. असे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी कोलंबियाच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहा. युरोपमार्गे जात असाल तर ज्या विमानतळावर विमान बदलायचं तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का, तेही त्याच बैठकीत तपासा.

यलो फीव्हरची म्हणजे पीतज्वराची लस मात्र कुणीही टाळू नये. या पट्ट्यात हा आजार आहेच, शिवाय भारत सरकारचा नियमही कडक आहे. पीतज्वर असलेल्या देशातून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लशीचं पिवळं कार्ड नसेल, तर त्याला विमानतळावरून थेट विलगीकरणात नेतात. लस घेतल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि मग ते आयुष्यभर चालतं. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांत ती सोय आहे. ठरावीक दिवशीच देतात, आधी नोंदणी लागते, कधी साठा संपलेला असतो. म्हणून निघायच्या महिना-दीड महिना आधीच या कामाला लागा. लस अंड्यात तयार होते. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी, साठी उलटलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

त्याच भेटीत मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारून घ्या. डेंग्यूवर मात्र गोळी नाही. लांब बाह्यांचे फिकट रंगाचे कपडे, डास दूर ठेवणारं, डीट हे रसायन असलेलं मलम आणि रात्री मच्छरदाणी हाच उपाय. गावात एक छोटं रुग्णालय आहे, पण आजार गंभीर असेल तर रुग्णाला बोटीनं लेतिसियाला हलवावं लागतं. प्रवास विमा घेताना दुर्गम भागातून हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, ते वाचून घ्या.

लेतिसियापर्यंत

लेतिसियाला कोलंबियाच्या इतर भागांतून रस्ता नाही. बोगोटाहून सुमारे दोन तासांचं विमान हाच व्यवहारातला मार्ग. भारतातून बोगोटाला थेट विमान नाही. इस्तंबूल, माद्रिद, पॅरिस अशा ठिकाणी बदलून जावं लागतं. त्यामुळे बोगोटात एक रात्र काढा आणि लेतिसियाचं विमान दुसऱ्या दिवशीचं घ्या. एकाच दिवसात दोन्ही साधायला गेलात आणि पहिलं विमान रेंगाळलं, तर पुढची सगळी साखळी तुटते. मोठी बॅग बोगोटातल्या हॉटेलात ठेवून पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल एवढंच सोबत न्या.

लेतिसियाच्या विमानतळावर उतरताच पर्यटकांकडून प्रवेशकर घेतात. त्याची पावती जपून ठेवा. शहराला लागूनच ब्राझीलचं तबातिंगा आहे. एकाच रस्त्यानं चालत गेलं की देश बदलतो, मध्ये अडवणारं कुणी नसतं. समोर नदीतल्या बेटावर पेरूचं सान्ता रोसा. एवढ्या भागात दिवसभरासाठी फिरायला शिक्का लागत नाही, पण पासपोर्ट खिशात असू द्या. या सीमांचा इतिहास ताजा आहे. लेतिसिया पूर्वी पेरूकडे होतं, १९२२ च्या करारानं ते कोलंबियाला मिळालं, आणि त्यावरून १९३२-३३ मध्ये दोन्ही देशांत युद्धही झालं. नदी पात्र बदलते, गाळाची बेटं नव्यानं तयार होतात, तसे प्रश्नही नव्यानं उभे राहतात. २०२५ मध्ये सान्ता रोसावरून पेरू आणि कोलंबियात पुन्हा वाद पेटला होता. जाण्याआधी बातम्यांवर एक नजर टाका.

पहिली रात्र लेतिसियात काढायची आणि त्या संध्याकाळी तीन कामं उरकायची. पहिलं काम पैशांचं. पुएर्तो नारिन्योत एटीएमवर भिस्त ठेवू नका. मुक्काम, जेवण, होडी, वाटाड्या या सगळ्याचा हिशेब करून वर थोडे जास्त पेसो रोख काढा, तेही सुट्ट्या नोटांत. दुसरं, उद्याच्या बोटीचं तिकीट. ते धक्क्याजवळच्या कार्यालयात मिळतं आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. तिसरं काम म्हणजे साडेपाचपूर्वी सान्तांदेर चौकात पोचणं. तिथल्या झाडांवर रात्रीच्या मुक्कामाला पोपटांचे प्रचंड थवे उतरतात आणि शेजारी बोलणाऱ्याचंही ऐकू येईनासं होतं. हातात वेळ असेल तर बांको दे ला रेपुब्लिका या कोलंबियाच्या मध्यवर्ती बँकेचं वस्तुसंग्रहालय पाहा. तिकुना लोकांची झाडाच्या सालीची वस्त्रं आणि मुखवटे तिथे ठेवलेले आहेत. ते पाहून गावात गेलं की समोर दिसणाऱ्या गोष्टींचे धागे जुळतात.

बोटीनं दोन तास

लेतिसियाहून पुएर्तो नारिन्योला छत असलेल्या वेगवान प्रवासी बोटी जातात. सुमारे दोन तास लागतात. दिवसात मोजक्याच फेऱ्या असतात, रविवारी आणि सुट्टीला त्यांतही फरक पडतो, आणि अंधारात एकही बोट निघत नाही. इथे सहाच्या सुमारास झपकन काळोख होतो. सकाळची पहिली बोट धरा. लाइफ जॅकेट घाला आणि शेवटपर्यंत घालून ठेवा. पुरात वाहून आलेले मोठे ओंडके नदीत तरंगत असतात आणि बोट त्यांना चुकवत जोरात वळणं घेते. सॅकमधलं सगळं सामान आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग सॅकमध्ये भरा.

बोट वाटेत काही वस्त्यांना थांबते. मासेदोनिया हे लाकडी कोरीवकामाचं गाव. मोकागुआत तस्करांकडून सोडवलेल्या माकडांना पुन्हा जंगलात सोडण्याचं काम चालतं. परतीच्या दिवशी तिथे उतरायचं असेल तर पुढची बोट थांबेल का, हे आधीच पक्कं करून घ्या. वाटेवरच १९७५ मध्ये स्थापन झालेलं अमाकायाकू राष्ट्रीय उद्यान आहे.

गावात पोचल्यावर

मुक्कामासाठी साध्या खोल्या, घरगुती निवास आणि हॅमॉक म्हणजे झोपायची झोळी बांधायची सोय असलेली ठिकाणं मिळतात. वातानुकूलन शोधत बसू नका. मच्छरदाणी धड आहे ना, खिडकीला जाळी आहे ना, एवढं बघा. वीज अधूनमधून जाते, म्हणून टॉर्च आणि पॉवर बँक हवीच. कोलंबियात ११० व्होल्टचा पुरवठा आणि चपट्या पिनांचे प्लग असतात, तेव्हा अ‍ॅडॉप्टर घ्या. पिण्यासाठी बाटलीतलं किंवा उकळलेलंच पाणी. रिकाम्या बाटल्या परत लेतिसियाला न्या. गावातला कचरा शेवटी गावालाच निस्तरावा लागतो. गमबूट बहुतेक ठिकाणी वापरायला देतात, पण पाय मोठा असेल तर आधी विचारा.

इंग्रजी जवळपास नाहीच. स्पॅनिशचं भाषांतर करणारं अ‍ॅप आणि नकाशे बोगोटातच डाउनलोड करून ठेवा. इथल्या इंटरनेटवर ते होणार नाही.

पहिल्या दिवशी दुपारी टेकडीवरच्या नाइ पाता या लाकडी मनोऱ्यावर चढा. दुरुस्तीसाठी बंद नसेल तर वरून खालचं गाव, लोरेतोयाकू आणि पलीकडे अ‍ॅमेझॉन असं सगळं एकदम दिसतं. मग नदीकाठच्या नातुतामा केंद्रात जा. नदीच्या पोटात काय काय राहतं ते तिथे लाकडी शिल्पांमधून मांडलेलं आहे, आणि ते समजावून सांगणारी माणसं स्थानिक आहेत. मॅनेटी हा पाण्यातला लाजरा प्राणी प्रत्यक्षात जवळपास कुणालाच दिसत नाही. त्याची ओळख इथेच होते. लहान मुलं बरोबर असतील तर हे केंद्र चुकवू नका.

तारापोतो तळं

या सहलीचा गाभा हाच, म्हणून इथे घाई नको. गावातून लहान इंजिनाच्या होडीनं तळं अर्ध्या-पाऊण तासावर आहे. त्या होडीला तिच्या आवाजावरूनच ‘पेके-पेके’ म्हणतात. अ‍ॅमेझॉनचं पाणी गाळानं गढूळ, तर तळ्याचं काळं, चहासारख्या रंगाचं. कुजलेल्या पाल्यातला अर्क उतरून ते तसं होतं, आणि अशा आम्लधर्मी पाण्यावर डासही कमी असतात. २०१८ मध्ये तारापोतोच्या तळ्यांना रामसर म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. कोलंबियाच्या अ‍ॅमेझॉन भागातलं ते पहिलं.

होडी आदल्या संध्याकाळी ठरवा. भाडं माणशी की होडीचं, किती तासांचं, इंधन आणि तळ्याचं शुल्क त्यात आहे का, हे चारही मुद्दे आधी बोलून घ्या, कागदावर लिहिले तर आणखी चांगलं. वाटाड्या गावातलाच घ्या. लेतिसियातल्या दुकानातून ठरवलेल्या सहलीचा मोठा वाटा वाटेतच मुरतो. निघा पहाटे, उजाडता उजाडता.

तिथे दोन जातींचे डॉल्फिन आहेत. मोठा गुलाबी, ज्याला बोटो किंवा बुफेओ म्हणतात, आणि लहान करडा तुकुशी. दोन्ही आज संकटग्रस्त यादीत आहेत. पिराकातिंगा नावाचा मांसभक्षी मासा पकडण्यासाठी डॉल्फिनचं मांस आमिष म्हणून वापरलं जायचं. हे लक्षात आल्यावर कोलंबियानं २०१७ मध्ये त्या माशाच्या विक्रीवरच बंदी घातली. जीवशास्त्रज्ञ फेर्नांदो त्रुहियो आणि त्यांची ओमाचा संस्था इथे दीर्घकाळ डॉल्फिनवर काम करत आली आहे, आणि तळ्यातल्या मासेमारीचे नियम आसपासच्या वस्त्यांनी मिळून ठरवले आहेत. वाटाड्याशी बोलताना हा विषय काढा. गावकऱ्यांनी स्वतःवर घालून घेतलेली ही बंधनं आहेत आणि ते त्यांबद्दल मनापासून बोलतात.

डॉल्फिन पाहायचा सोपा मार्ग म्हणजे इंजिन बंद करून शांत बसणं. आधी श्वास सोडल्याचा फुस्स आवाज येतो, मग पाठ दिसते. गुलाबी डॉल्फिन समुद्रातल्यासारखी उंच उडी सहसा मारत नाही, त्यामुळे फोटोच्या मागे लागलात तर पाहायचंच राहून जाईल. त्यांचा पाठलाग करायला, खाऊ घालायला किंवा त्यांच्याजवळ पाण्यात उडी मारायला वाटाड्याला सांगू नका. पोहायचं असेल तर तो दाखवेल तिथेच, आणि लाइफ जॅकेट घालून.

वाटेत कुणी हातात स्लॉथ, अ‍ॅनाकोंडा किंवा माकडाचं पिल्लू देऊन फोटो काढायचं सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. हे प्राणी जंगलातून पकडून आणलेले असतात, अनेकदा आईला मारून. पर्यटकाची एक नोट मिळते म्हणून हा धंदा चालतो.

दुसऱ्या दिवसासाठी जंगलातली पायी वाट ठेवा. वाटाड्याला घेऊन सान मार्तिन दे अमाकायाकू या तिकुना गावाकडे जाता येतं. चिखल असतो, ओढे ओलांडावे लागतात. लोकांचे, विशेषतः मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. काही विकत घ्यायचं तर चांबिरा ताडाच्या धाग्याच्या पिशव्या आणि टोपल्या घ्या. त्या बायका स्वतः विणतात. पिसं, दात, कातडी यांच्या वस्तू घेऊ नका. परतीच्या वाटेवर जप्ती आणि दंड होऊ शकतो, आणि झालाच पाहिजे.

जेवणाचं काय

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. गामिताना नावाचा मासा भाजून देतात, पानात गुंडाळून निखाऱ्यावर शिजवलेला मासा तर जरूर खा. पिरारुकू हा दोन मीटरहून मोठा होणारा, पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेणारा मासा. ऑक्टोबर ते मार्चच्या मध्यापर्यंत त्याच्या मासेमारीला बंदी असते, त्या काळात तो मागू नका.

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण त्याला रोज भात, घेवड्याची उसळ, तळलेली कच्ची केळी आणि कसावा यांवर भागवावं लागतं. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं तिन्ही सांगा, म्हणजे मटण-बीफ, चिकन, मासे काहीच नको. नुसतं मांस नको म्हटलं की मासा येतो. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच हा कसावा, आणि तो मूळचा दक्षिण अमेरिकेतलाच. इथले लोक त्याच्या कडू, विषारी जातीचा कंद किसून, पिळून, मोठ्या तव्यावर भाजून फारिन्या नावाचे कुरकुरीत दाणे करतात. वरणासारख्या पातळ पदार्थावर ते भुरभुरून खातात. भाजणं चालू असेल तर बघायला थांबा. विष कसं काढायचं हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात आलं आहे. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं नेलंत तर चौथ्या दिवशी बरं वाटेल. फळांमध्ये कोपोआसूचा रस सोडू नका.

परत आणि पुढे

विमानाच्या दिवशी सकाळी गावातून निघायचं धाडस करू नका. आदल्या दिवशी दुपारच्या बोटीनं लेतिसियाला या. परतीच्या जागा गावातल्या धक्क्यावर पोचल्या पोचल्याच नोंदवून टाका. सुट्टीच्या दिवसांत बोटी भरतात.

आणखी आठवडाभर असेल तर नदीनंच पुढे जाता येतं. सान्ता रोसाहून पेरूतल्या इकितोस शहराकडे वेगवान बोटी जातात, आणि तबातिंगाहून मानाउसला मोठ्या बोटीत हॅमॉक बांधून प्रवाहाच्या दिशेनं तीन-चार दिवसांत पोचतात. मात्र तेव्हा दिवसभराची सवलत चालत नाही. आधी कोलंबियातून बाहेर पडल्याचा शिक्का, मग ब्राझीलचा तबातिंगातल्या फेडरल पोलिसांकडे किंवा पेरूचा सान्ता रोसातल्या कार्यालयात. ब्राझीलसाठी व्हिसा आधीच काढून न्यावा लागेल. शिक्क्याची कार्यालयं शनिवार-रविवारी कधी उघडी असतात ते लेतिसियात पोचताच विचारा आणि बोटीचं तिकीट त्यानंतरच काढा.